कुंदूझचं खरबूज आणि तीन नंबरचा टॉवर

टॉवरवर माणूस चढवायच्या आधी बाळूभाऊ भंगाळे दोर बघतो, कमरेचा पट्टा बघतो, आभाळाकडं एक नजर टाकतो, आणि मग खाली उभ्या मंडळींकडं वळून विचारतो, "कोनाचा कोनाशी अबोला?"

नवा माणूस असला तर हसतो. बाळूभाऊ हसू देतो. मग समजावतो. एक जण वर लटकलेला असतो आणि त्याचा दोर खाली दुसऱ्याच्या मुठीत असतो. आता रुसला म्हणून कुणी हातातला दोर सोडून देत नाही, इतका हलकट माणूस बाळूभाऊला अजून भेटायचाय. पण रुसलेला माणूस हाक उशिरा देतो. 'थांब' म्हणायचं तिथं तोंड मिटून बसतो, दुसरा कुणी म्हणेल म्हणतो. तेवढ्यात वरचा खाली येतो, आणि येतो तो शिडीनं येत नाही.

म्हणून ज्यांचा अबोला असेल त्यांनी पुढं यायचं. बाळूभाऊ थर्मासमधला चहा बशीत ओततो. बशी एकच, कडेचा टवका उडालेली. अर्धी एकानं प्यायची, उरलेली दुसऱ्यानं. प्यायली की अबोला मिटला असं धरायचं, मनातून मिटो न मिटो. बशी नाकारली तर त्या दिवशी चढणं नाही. मग साहेब येवो की साहेबाचा बाप.

बडोद्यात आयुष्य काढलेला माणूस बशीला रकाबी म्हणायला लागतोच. बाळूभाऊ बशीच म्हणतो. तो मूळचा तापीकाठचा, खानदेशातला. तिकडच्या बोलीत 'ळ' ला कुणी घरात घेत नाही. केळीची केयी होते आणि नारळाचा नारय. घरच्या केळीच्या बागा होत्या, पण भावाभावांत वाटणी झाल्यावर बाळूच्या वाट्याला आलं ते एका म्हशीला लोळायला पुरेल एवढं. मामा बडोद्याला रेल्वेत होता. त्यानं भाच्याला बोलावून घेतलं, थोडे दिवस क्वार्टरमध्ये ठेवलं आणि विजेच्या लाईनी टाकणाऱ्या एका कंपनीत दोर ओढायला चिकटवून दिलं. तिथल्या मुकादमानं विचारलं, "उंचीचं भय वाटतं का रे?" बाळू म्हणाला, "खाली जेवढं वाटते त्याहून कमीच."

तेव्हापासून हा माणूस जमिनीवर कमी आणि लोखंडावर जास्त राहिला. कच्छच्या खारात टॉवर उभे केले, आसामच्या चिखलात केले, आणि चाळिशी उलटून गेल्यावर एकदा अफगाणिस्तानात गेला. तिथं लाईन टाकायची होती. वीज उझबेकांची, डोंगर अफगाणांचे, हात आपले. सामान मात्र सरळ वाटेनं जाईना, कारण मधल्या शेजाऱ्याचं नि आपलं पटत नाही. म्हणून जहाजानं इराणात न्यायचं आणि तिथून ट्रकांनी मोठा वळसा घालायचा. "शेजारच्या दारात जायले सगया गावाले चक्कर," असं बाळूभाऊ सांगतो. तिथल्या खिंडीत टॉवरच्या कमरेपर्यंत बर्फ. हाताची बोटं आपली आहेत की उसनी आणलीत ते कळायचं नाही. तशात त्यानं तारा ओढल्या. काबूलात दिवे लागले तेव्हा तो तिथं नव्हता, थोरलीच्या लग्नासाठी बडोद्याला आला होता. ते दिवे त्यानं कधी पाहिले नाहीत. पण आजही "माही लाईन" म्हणतो. माही म्हैस म्हणावं तसं.

म्हशीसारखीच तिची दुखणीही चालू. कधी बर्फाचा कडा अंगावर आला, कधी कुणी टॉवरच्या पायात सुरुंग पेरला. मधल्या काळात तिथली राज्यं बदलली. तार तुटली की शहर अंधारात, आणि दुरुस्तीला बाहेरची माणसं कधी येतात त्याची वाट बघायची. बातमी आली की बाळूभाऊ बडोद्यातल्या हरणीच्या आपल्या सोसायटीतल्या घरात टीव्हीसमोर बसून चुळबुळत राहायचा. बायको सुनंदा म्हणायची, "एवढी चुयबुय पोरीच्या बायंतपनात नाही केली."

नोकरी संपल्यावर तो घरी बसला नाही. शहराबाहेर, दुमाडच्या पुढं शेतांत एक यार्ड आहे. तिथं पाच टॉवर उभे आहेत, तारा आहेत, फक्त तारांत वीज नाही. शिकायला उभे केलेले टॉवर. तिथं बाळूभाऊ उस्ताद म्हणून लागला. यार्डाच्या मुख्य मृदुला दिघे. जुन्या बडोद्याच्या घरातल्या. पणजोबा संस्थानात हिशेबनीस होते. बाई मराठी बोलतात ती इस्त्री केलेली, आणि तोंड वळवून यार्डातल्या पोरांना गुजरातीत झापतात तेव्हा इस्त्री सगळी उतरलेली. बाळूभाऊला त्या काका म्हणतात, तो त्यांना ताई म्हणतो.

दिवाळी उलटून गेली होती, तेव्हा मृदुलाताईंनी त्याला बोलावलं.

"काका, या वेळची तुकडी निराळी आहे. एक अफगाण, एक उझबेक, एक ताजिक आणि एक इराणी. चौघांची मिळून एक टोळी करायची आहे."

"एक कायले? ज्याची त्याची करू."

"तेच तर नको आहे. लाईन सीमेजवळ तुटली की यांची माणसं अलीकडे उभी, त्यांची पलीकडे. प्रत्येक जण म्हणतो, दोष तुमच्या अंगाला. यात आठवडे जातात आणि शहर थंडीत कुडकुडतं. एकच टोळी असली, तर कुठल्याही बाजूला चढेल. सगळी सरकारं कशीबशी कबूल झाली आहेत. शेवटच्या आठवड्यात या चौघांनी तीन आणि चार नंबरच्या टॉवरमधली तुटलेली तार जोडून दाखवायची. दाखवली, तर पुढच्या तुकड्या येतील. नाही, तर ज्यानं त्यानं आपापल्या घरी शिकावं असं ठरणार."

"म्हंजे माही लाईन पुन्हा अंधारात."

"हो. तुमची लाईन."

बाळूभाऊ उठला नि नवा दोर बघायला गेला. त्याच्या लेखी बोलणं झालं होतं.

चौघं आले. अफगाण होता कय्यूम, कुंदूझचा, दारात मावणार नाही अशा खांद्यांचा. सिनेमे बघून बघून हिंदी शिकलेला, त्यामुळं साधं पाणी मागतानाही नायकासारखा मागायचा. उझबेक बख्तियार, पुढचा दात सोन्याचा, बोलणं सोन्याच्याच भावानं. ताजिक फिरूज टॉवरवर चढताना गाणारा. आणि इराणी बहराम, त्याच्या सदऱ्याची घडी चढून उतरला तरी मोडायची नाही. बाळूभाऊचं खानदेशी हिंदी कय्यूम फारसीत करायचा. ते बहरामला आणि फिरूजला कळायचं. फिरूज ते उझबेकीत बख्तियारला सांगायचा. 'दोर ढिला सोड' एवढं सांगायचं तर तीन तोंडांतून प्रवास. शेवटाला काय पोचेल याची धास्ती वाटून बाळूभाऊनं पहिल्याच दिवशी हाताच्या खुणा शिकवल्या. 'थांब' हा शब्द मात्र मराठीतच घोकून घेतला. म्हणाला, "हा एक मले माह्या भाषेत आयकू आला पाह्यजे."

आणि मग विचारलं, "कोनाचा कोनाशी अबोला?"

प्रश्न तोंडातोंडातून फिरत गेला. पोचला तसे कय्यूम आणि बख्तियार दोन दिशांना बघायला लागले.

"काय झालं?"

कय्यूम म्हणाला, "उस्ताद, हे लोक बटण दाबतात आणि माझ्या आईच्या खोलीतला दिवा जातो."

बख्तियारनं फिरूजच्या कानात काहीतरी टाकलं. फिरूजनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, "तो म्हणतो, बटण आम्ही दाबत नाही. तार यांच्याकडं तुटते, आणि शिव्या आमच्या आईला."

"दोघांच्या मायाले नमस्कार," बाळूभाऊ म्हणाला नि थर्मास उघडला.

बख्तियारनं बशी तोंडाला लावली मात्र, त्याचा चेहरा आंबट झाला. दूध, ठासून साखर आणि वर आलं. त्या दोघांच्या मुलखात चहा म्हणजे हिरवं पाणी. त्यानं डोळे मिटून अर्धी बशी घशाखाली ढकलली आणि कय्यूमकडं दिली. कय्यूम प्यायला, त्याचंही तोंड तसंच झालं. दोघांनी एकमेकांची तोंडं बघितली आणि खो खो हसले. अबोला कशानं का मिटेना, मिटला.

पुढचे दिवस बरे गेले. मार्गशीर्षातली बडोद्याची थंडी म्हणजे त्या चौघांना उन्हाळाच, ते बनियनवर चढायचे. सुनंदा खंडेराव मार्केटातून खानदेशातली हिरवी वांगी शोधून आणायची. एका रविवारी तिनं यार्डात तुराट्या पेटवून ती भाजली, पातीचा कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून भरीत केलं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. चौघांच्याही घरी वांगं होतंच. कुणी त्यावर दही घालतं, कुणी लसूण. खरं भरीत कुणाचं यावर असा वाद पेटला की बख्तियार सलग तीन वाक्यं बोलला. सुनंदा म्हणाली, "भांडा, पन खाता खाता भांडा. थंड झालं त दगड लागते."

कय्यूमच्या खोलीत छताच्या कडीला सुतळीच्या जाळीत एक खरबूज टांगलेलं होतं. लांबुळकं, पिवळट, अंगावर बारीक जाळी उठलेलं. घरून निघताना त्यानं ते हेल्मेटात बसवून, वर शाल गुंडाळून आणलं होतं. तिकडं हिवाळ्याची खरबुजं अशी टांगूनच ठेवतात. जितकी लटकतील तितकी गोड होत जातात. कय्यूम रोज सकाळी त्याला हलकीशी टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा नि म्हणायचा, "अजून नाही."

शेवटचा आठवडा लागला. तीन नंबरच्या टॉवरवर आता खरं काम सुरू व्हायचं होतं. नव्या टॉवरवर पहिलं चढणं असलं की बाळूभाऊ पायथ्याशी नारळ फोडतो. खिंडीतसुद्धा फोडला होता, तेव्हा नारळ इराणातून ट्रकात बसून आला होता. सुनंदा पूजेचं ताट घेऊन आली. हळदकुंकू, उदबत्ती, मांडवीच्या बाजारातून आणलेला नारळ. मृदुलाताई आल्या. चौघं पट्टे बांधून उभे.

कय्यूम पुढं आला. दोन्ही हातांवर ते खरबूज, एक पाऊल मागं ठेवून, मान किंचित वाकवून. "उस्ताद, आज झालं. हे तुझं."

बाळूभाऊनं ते घेतलं. जड होतं. नाकाशी नेलं तर देठापाशी असा वास की तोंडाला पाणीच. "अरे वा रे पठ्ठ्या!" म्हणत त्यानं ते टॉवरच्या चौथऱ्यावर मानानं ठेवलं, कुंकवाचं बोटही लावलं. मग नारळ उचलला आणि दणकन आपटला.

नारळ नासका निघाला. आत काळं, आणि वास असा की उदबत्ती हरली.

सुनंदाच्या कपाळाला आठी. आता कुणी म्हणतं, नासका नारळ म्हणजे देवानं आतला गर आधीच खाल्ला. बाळूभाऊचा यावर विश्वास नाही. ज्या टॉवरवर हे चौघं चढणार, ज्यावर सगळं टांगलंय, त्याच्या पायात नासकं? दुसरा नारळ आणायचा तर गावात जाऊन येईस्तोवर वारा सुटणार. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. घर बांधताना कोहळा फोडतात, तो काय नारळ असतो? समोर चौथऱ्यावर कुंकू लावलेलं, यार्डात त्या घटकेला सगळ्यांत चांगलं जे होतं, ते होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं नि लोखंडावर आपटलं.

खरबूज फटकन फुटलं. गर उडाला, बिया उडाल्या, टॉवरच्या पायावर रस ओघळला. "झाली पूजा!" बाळूभाऊ म्हणाला आणि हात झटकत वळला. खुशीत होता.

कय्यूमनं पट्टा सोडला. घडी घालून चौथऱ्यावर ठेवला. वळला आणि खोल्यांकडं चालू लागला.

बाळूभाऊच्या ध्यानातच आलं नाही. सवयीनं त्यानं विचारलं, "कोनाचा कोनाशी अबोला?"

बख्तियारनं आधी कय्यूमच्या पाठीकडं बोट केलं. मग तेच बोट वळवून उस्तादाकडं.

"माह्याशी? मी काय केलं?"

बहरामनं सदऱ्याची बाही सारखी केली आणि अदबीनं, मोडक्या हिंदीत सांगितलं, "उस्ताद, रागावू नका. आमच्याकडं पाहुण्याचं खरबूज आपटणाऱ्याला डोक्याचा हकीम शोधून देतात." फिरूजचं गाणं बंद झालं होतं. बख्तियार उझबेकीत बोलला, लांबलचक बोलला, आणि फिरूजनं त्याचं भाषांतर करायला साफ नकार दिला. मग तिघांनीही पट्टे सोडून कय्यूमच्या पट्ट्याशेजारी ठेवले.

मृदुलाताईंनी ते चार पट्टे मोजले. "काका, चौघांची एक टोळी करायची होती ना? झाली. फक्त ती तुमच्या विरुद्ध झाली."

"पूजेले फोडलं मी ते! तोंडात टाकाले नाही फोडलं. आपल्या येथी मान देतात तो असाच."

"मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा. आणि लवकर सांगा. आठवड्याचे दिवस किती असतात तुम्हाला माहीत आहे. एक करू, आजच्या दिवस तुमचा तो नियम बाजूला ठेवू. काम होऊ दे, बशी उद्या प्या."

बाळूभाऊनं मान हलवली. "ताई, दुसऱ्याच्या अबोल्याले नियम, नि माह्या अबोल्याले सवलत? त्याचा दोर मीच धरनार ना. नाही जमत. आज चढनं बंद."

वारा त्या दिवशी अगदी पडलेला होता. चढायला असा दिवस मागून मिळत नाही.

तो हरणीला घरी आला. सुनंदा आधीच पोचली होती. ओट्यावर मोठं पातेलं, त्यात खरबुजाचे वेचून आणलेले तुकडे. माती लागलेलं खरवडून काढत होती. बिया धुऊन सुपात पसरल्या होत्या.

"हे कायले आनलं?"

"प्रसाद ना तो? का तुमीच फोडता नि तुमीच इसरता? फोडलं ते वाटायचं असते, एवढं तरी सुचलं का? वाटायच्या आधी ज्याचं होतं ते पोर उठून गेलं बिचारं."

बाळूभाऊ स्टुलावर बसला. "येवढा राग कायचा ते नाही समजत. मान दिला मी."

सुनंदानं सुरी खाली ठेवली. "माह्या माहेराहून पह्यल्या दिवाळीले केयीचा घड आला होता. याद हाये?"

"हाये."

"तुमच्या मायनं माह्यादेखत तो म्हशीम्होरं टाकला."

"म्हैस नवी व्यायली होती. पह्यला मान तिचा. घरात आलेलं चांगलं ते—"

"बस! तोच मान, तोच तुमचा मान. माह्या बापानं सगया बागेतून निवडून घड काढला, आंगाखांद्यावर आनला, नि म्हैस खाऊन राहिली. मी तुमच्याशी संकरांत येईस्तोवर बोलली नाही."

"मले वाटलं होतं तुले कावीय झाली."

"हो, वाटनारच." ती पुन्हा तुकडे खरवडायला लागली. बाळूभाऊनंच विचारलं, "मंग मिटलं कसं होतं ते?"

"माह्या माहेरी गेले होते तुमी. माह्या बापाम्होरं उकिडवे बसले नि एकल्यानं घडभर केयी खाल्ल्या. बोलले काही नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर लोटा घेऊन पये. बापानं मले म्हनलं, जाय पोरी, मानूस बावयट हाये पन बरा हाये."

बाळूभाऊनं स्टीलचा मोठा डबा काढून तिच्यापुढं ठेवला. "भर."

दुपार कलायच्या आत तो यार्डातल्या खोल्यांवर पोचला. कय्यूम खाटेवर आडवा, हात डोक्याखाली. वर कडीला रिकामी जाळी लोंबत होती. बाकीचे तिघं दाराशी बसलेले. उस्ताद आला तसे उठले, पण वाट देताना कुणी सलाम केला नाही.

बाळूभाऊ खाटेसमोर फरशीवर उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले. डबा उघडला आणि एक फोड उचलून खाल्ली.

खाल्ली आणि थांबला. तापीकाठचा माणूस, गोडाचं त्याला अप्रूप नाही. पण हे निराळं होतं. साखरेसारखं जिभेवर आदळत नव्हतं. आधी गार लागलं, मग मधासारखं पसरलं, आणि शेवटी घशाशी काहीतरी फुलाचं राहिलं. त्यानं दुसरी फोड उचलली. मग तिसरी. आता तो माफीसाठी खात नव्हता, सरळ खात होता.

कय्यूम कुशीवर वळून बघत होता. चौथ्या फोडीला म्हणाला, "तुला ठाऊक नाही उस्ताद. त्या शेतात आमच्या बापानं माझ्या लहानपणापासून पाऊल टाकलं नव्हतं. सुरुंग होते. एक गाय गेली, चुलतभावाचा पाय गेला. आम्ही घरात बसून आवाज ऐकायचो, आज काय फुटलं. मग साफ करणारी माणसं आली, त्यांनी बोटाबोटानं जमीन तपासली. या वर्षी पहिल्यांदा बापानं बी टाकलं. त्या रानातून पहिली वस्तू आली, न फुटता, आख्खी. इथं शिकवणारा कोण ते कळल्यावर बाप म्हणाला, ज्यानं आपली लाईन टाकली त्या माणसाला दे."

बाळूभाऊनं हातातली फोड डब्यात परत ठेवली.

"आणि तू ती आपटलीस."

फिरूजनं दाराशी हळूच हे सगळं बख्तियारला सांगितलं.

बाळूभाऊ म्हणाला ते हिंदीत म्हणाला, पण त्यात अर्धं खानदेश होतं. "हे बघ पोरा. माह्या गावात सुरुंग नाही. आमच्या येथी फुटनं वाईट नाही. नारय फुटते, मडकं फुटते, तवाच काम सुरू होते. सकायी तो नारय नासका निघाला, तू पाह्यलं. तुले वर चढवायचं होतं. तुह्या जिवाच्या कामाले मी नासकं देऊ? तवा हाताशी जे सगयात चांगलं होतं ते दिलं. ते तुहंच होतं. तुह्यासाठीच फोडलं." मग खालच्या आवाजात, "पन इचारलं नाही. ती चूक झाली. माह्या घरात ती चूक पिढीजात हाये, बायकोले इचार."

कय्यूम उठून बसला. डब्यात वाकून बघितलं. "किती खाल्लंस?"

"बरंच."

"एकटाच संपवणार आहेस?"

मग दाराशी बसलेले तिघंही आत आले. डबा मध्ये ठेवला. बहरामनं बाह्या दुमडल्या, हे पहिल्यांदाच. बख्तियारनं एक फोड खाल्ली, डोळे मिटले आणि फिरूजकरवी निरोप दिला की समरकंदचं याहून चांगलं असतं. कय्यूमनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. बाळूभाऊला बरं वाटलं.

"बशी आणलीस?" कय्यूमनं विचारलं.

बाळूभाऊनं खिशातून, रुमालात गुंडाळलेली काढली.

"चहा मात्र आमचा."

किटलीतून हिरवं पाणी बशीत आलं, वेलदोड्याचा वास, साखरेचा पत्ता नाही. बाळूभाऊनं अर्धी प्यायली. त्याचं तोंड असं झालं की सोन्याचा दात लखकन चमकला. बख्तियार एवढा हसताना कुणी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरवर कय्यूम चढला, चारवर बख्तियार. कय्यूमचा दोर बाळूभाऊच्या मुठीत, सोबतीला फिरूज. चार नंबरच्या पायाशी बहराम. पूजा झाली ती थोडक्यात. सुनंदानं दोन नारळ आणले होते आणि दोन्ही मार्केटातच कानाशी हलवून घेतले होते.

तुटलेल्या तारेची दोन टोकं दोन्हीकडून ओढत मध्ये आणायची, ताण सारखा ठेवायचा आणि जोड दाबून पक्का करायचा. काम अर्ध्यावर आलं आणि वारा सुटला. तार झुलायला लागली. कय्यूम पुढं झुकून तार ओढून धरणारा चिमटा सारखा करत होता. त्याला दिसत नव्हतं, पण लांबून, चार नंबरवरून बख्तियारला दिसलं की चिमटा तारेवरून घसरतोय. भाषांतराला वेळ नव्हता. त्यानं फिरूजला हाक मारली नाही की खूण केली नाही. सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असा ओरडला, "थांब!"

शुद्ध खानदेशी थांब. बाळूभाऊनं दोर आवळला, फिरूज मागं टेकला, कय्यूम जागच्या जागी खिळला. चिमटा सुटला आणि कय्यूमच्या हातापासून वीतभर अंतरावरून सण्णकन गेला. तार खाली झोका खाऊन थांबली.

वरून कय्यूमचा आवाज आला. फारसीत होता, पण आईबद्दल काहीतरी चांगलं असावं आणि ते फिरूजशिवायच पोचलं असावं, कारण पलीकडच्या टॉवरवर बख्तियारनं छातीवर हात ठेवला.

मग त्यांनी पुन्हा चिमटा लावला, पुन्हा ओढलं, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत जोड पक्का झाला. मृदुलाताई खाली उभ्या राहून दुर्बिणीतून बघत होत्या. म्हणाल्या, "काका, जमलं."

"हो." बाळूभाऊ हाताच्या तळव्यांवर फुंकर घालत होता, दोरानं सोलले होते. "चहा आना आता कोनी. दुधाचा."

तुकडी गेली. माघात सुनंदानं सुपातल्या बिया तीन नंबरच्या पायाशी टोचल्या. वेल जोरात आला, टॉवरच्या पहिल्या कांबीवर चढला, वैशाखात चार फळं धरली. बाळूभाऊनं रोज टिचकी मारून आवाज ऐकला. कापलं तर आत काकडी. पाणचट, बेचव. सुनंदानं दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली आणि ती मात्र बरी झाली. फोटो बघून कय्यूमनं फोनवर हसत सांगितलं, "उस्ताद, त्याला आमची थंडी लागते." आणि हेही सांगितलं की हिवाळ्यात लाईन सीमेपाशी तुटली होती, बख्तियार अफगाण बाजूला येऊन चढला होता, तार जोडली आणि दोघांनी वरूनच उस्तादाला फोन लावला होता, पण त्यानं उचलला नाही. बाळूभाऊ तेव्हा झोपला होता. आठवण आली की अजून हळहळतो.

पुन्हा दिवाळी झाली. नवी तुकडी आली, आता सहा जणांची. पहिल्याच दिवशी त्यातला एक कुंदूझचा पोरगा पुढं झाला, दोन्ही हातांवर खरबूज, मान वाकवून. "कय्यूमनं पाठवलंय."

बाळूभाऊनं ते घेतलं. देठाला सुतळी होती, आणि सुतळीला एक सुरी बांधलेली.